कर्नलमधली कुलपं आणि वापरकर्त्याच्या गळ्यात मारलेले आकडे

एखाद्या प्रोग्रामरला एखादा आकडा ठरवता येत नाही, तेव्हा तो म्हणतो, "सेटिंग म्हणून देऊन टाकू, ज्याला जो हवा तो ठेवेल." वर याला वापरकर्त्याचं स्वातंत्र्य असं गोंडस नाव मिळतं. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते नाव लगेच भावतं. कर्नलमधल्या लॉकच्या बाबतीत मात्र हे स्वातंत्र्य बहुतेक वेळा निव्वळ जबाबदारी ढकलणं असतं. आणि जिथे निवड खरोखर वापरकर्त्याची असते, तिथे ती द्यायला हीच मंडळी उशीर करतात.

आधी लॉक म्हणजे काय ते पाहू. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्यातल्या एकाच नोंदीला दोन प्रोसेसरांनी एकदम हात घातला तर नोंद बिघडते, म्हणून एक आत असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. थांबायच्या दोन तऱ्हा आहेत. बँकेत खिडकीपाशीच उभं राहून "झालं का? झालं का?" विचारत राहायचं, ही एक. याला स्पिन करणं म्हणतात. नाहीतर बाकावर जाऊन बसायचं आणि नाव पुकारलं की उठायचं. पुढच्याचं काम चिमूटभर असेल तर उभं राहणं परवडतं, लांबलं तर बसलेलं बरं. प्रश्न एवढाच, की उभं किती वेळ राहायचं?

२००८ साली रिअल-टाइम लिनक्ससाठी अडॅप्टिव्ह लॉकचे पॅच आले. त्यात किती फेऱ्या उभं राहायचं हा आकडा सेटिंग म्हणून देऊ केला होता. आता मला सांगा, पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने हा आकडा कशाच्या आधारे ठरवायचा? त्याला ते लॉक दिसत नाही, ते कोणी किती वेळ धरलं हे दिसत नाही, आणि उद्या प्रोसेसर बदलला की कालचा आकडा फुकट. ज्याला हे सेटिंग हवं असेल त्याने आधी एका वाक्यात लिहून दाखवावं, की दहा हजाराचे वीस हजार नेमके कधी करायचे. ते वाक्य लिहिता येत असेल तर तेच कोडमध्ये लिहा! येत नसेल तर तुम्ही वापरकर्त्याला अंधारात दगड मारायला सांगताय.

आणि घडलंही तसंच. २००९ मध्ये मुख्य लिनक्सच्या म्युटेक्समध्ये स्पिन करणं आलं, तेव्हा आकडा विचारलाच नाही. प्रश्न बदलला. ज्याच्या हातात लॉक आहे तो या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर चालतोय का? चालत असेल तर उभे राहा, त्याला बाजूला काढलं असेल तर बसा. हे कर्नलला जागच्या जागी कळतं, जगातल्या कुठल्याही प्रशासकाला कळणार नाही.

"नको असेल त्याने हात लावू नये" असा युक्तिवाद होतो. तो भाबडा आहे. सेटिंग दिसलं की ते कुठल्या तरी लेखात जातं, तिथून कॉपी-पेस्ट होत हजारो सर्व्हरवर. लॉकचं नाही, पण नेटवर्कचं उदाहरण घ्या. 'टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल' हे सेटिंग "वेग वाढवा" म्हणत वर्षानुवर्षं वाटलं गेलं. ते सुरू केलं की एकाच राउटरमागून येणाऱ्या अनेक ग्राहकांपैकी काहींची जोडणी गुपचूप नाकारली जाई. सेटिंग फिरवणारा निवांत, त्रास दुसऱ्यालाच. शेवटी २०१७ मध्ये, ४.१२ आवृत्तीत, ते काढूनच टाकावं लागलं.

मग सगळीच सेटिंगं बंद करायची का? नाही. इथे माझा दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही वाद आहे. "वापरकर्त्याला काय कळतं" हा त्यांचा सूर मला तितकाच खटकतो.

इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये 'स्प्लिट लॉक' नावाचं एक दुखणं आहे. प्रोसेसर मेमरी ६४ बाइटच्या तुकड्यांनी हाताळतो. एका दमात व्हायला हवी अशी लॉकची सूचना दोन तुकड्यांच्या सीमेवर पडली, की ती हजाराहून जास्त सायकलींनी मंदावते आणि तेवढा वेळ बाकीच्या कोअरनाही खोळंबावं लागतं. म्हणजे कसलेही विशेष अधिकार नसलेला एक साधा प्रोग्राम सगळ्या यंत्राला वेठीला धरू शकतो. २०२० च्या ५.७ आवृत्तीपासून लिनक्स हे पकडून नोंदवहीत इशारा लिहू लागलं. २०२२ च्या ५.१९ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन अशा प्रोग्रामला मुद्दाम रखडवायला सुरुवात झाली. भाड्याच्या सर्व्हरवर, जिथे एका यंत्रावर दहा अनोळखी शेजारी राहतात, तिथे हे रास्तच आहे. पण घरच्या संगणकावर 'गॉड ऑफ वॉर' खेळणाऱ्याचा खेळ ठप्प झाला. त्याचा शेजारी कोण? कोणीच नाही! यंत्र त्याचं, वेळ त्याचा, आणि खेळाचा कोड दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही. उपाय एकच होता, बूट करताना ती तपासणीच पूर्ण बंद करायची.

२०२३ च्या फेब्रुवारीत ६.२ आवृत्तीबरोबर 'स्प्लिट_लॉक_मिटिगेट' हे सेटिंग आलं. १ ठेवलं तर रखडवणं चालू, ० केलं तर फक्त इशारा. हेही लॉकचंच, तितकंच खोल सेटिंग. मग याला माझा पाठिंबा का? कारण ते आकडा विचारत नाही, यंत्रावर हक्क कोणाचा ते विचारतं. या यंत्रावर तू एकटा आहेस की इतरही आहेत, हे कर्नलला कितीही मोजमाप केलं तरी कळत नाही, मालकाला मात्र न मोजता माहीत असतं. ० केल्यास दुसरा कोणी यंत्र अडवू शकतो, हेही कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणजे सामायिक सर्व्हरवर एखादा भाडेकरू शेजाऱ्यांच्या वतीने परस्पर निर्णय घेऊ शकत नाही. पुढे 'गेममोड' या साधनाने तर खेळ सुरू असेपर्यंतच ते ० करून नंतर पूर्ववत करण्याची सोय केली, खेळणाऱ्याला स्प्लिट लॉक हा शब्दही माहीत असायची गरज उरली नाही.