रसिकांचे पक्ष आणि पक्षांचे रसिक

गाण्यावरून भांडणें हा मराठी माणसाचा जुना व्यवसाय आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या समाजांत सूर कोणाचा खरा यावरून दोन शेजारी चार दिवस अबोला धरतात, त्या समाजांत सुराला अजून कांहीं किंमत आहे असेंच समजलें पाहिजे. आमची तक्रार भांडणाविषयीं नाहीं. भांडणाची जी नवी रीत आमच्या सुशिक्षित वस्त्यांतून रूढ होत चालली आहे, तिच्याविषयीं आहे.

खांदा कॉलनी ही सिडकोनें वसविलेल्या नवीन पनवेलची एक वसाहत. येथें कोंकणांतले, घाटावरचे, वऱ्हाडांतले आणि मुंबईच्या चाळींतून बाहेर पडलेले लोक एकाच जिन्यावर नांदतात. संध्याकाळीं उद्यानांतल्या बाकावर, सकाळीं खांदेश्वरहून निघालेल्या लोकलच्या डब्यांत, किंवा रात्रीं सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटांत कोणताही विषय निघो, त्याचा मार्ग ठरलेला असतो. आरंभ एखाद्या नाट्यपदाच्या नव्या चालीपासून होतो. तेथून गाडी चित्रपटावर येते. चित्रपटावरून नटाच्या मतांवर, मतांवरून पक्षावर आणि पक्षावरून एकमेकांच्या अकलेवर. मूळ पद चांगलें गायिलें गेलें कीं वाईट, हें विचारायला मागें कोणीही उरत नाहीं.

या रोगावर दोन उपाय सुचविले जातात. पहिला शांतताप्रिय गृहस्थांचा: कलेच्या गप्पांत राजकारण आणूं नये. दुसरा तावातावानें बोलणाऱ्यांचा: सर्व कांहीं राजकारणच आहे, तेव्हां कलावंताचा पक्ष आधीं विचारा आणि मग त्याचें गाणें ऐका. आमच्या मतें पहिला उपाय अशक्य आहे, दुसरा अनर्थकारक आहे, आणि रोगाचें निदान दोहोंसही झालेलें नाहीं.

पहिला उपाय अशक्य कां, तें मराठी रंगभूमीचा इतिहासच सांगेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. महाभारतांतली कथा, पण प्रेक्षकांना कीचकाच्या ठायीं लॉर्ड कर्झन दिसला, आणि सरकारलाही दिसला, १९१० सालीं नाटकावर बंदी आली. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचा डफ काढून टाकला, तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा अर्धा आवाज नाहींसा होईल. कलेंतून राजकारण वगळा असें म्हणणाऱ्या गृहस्थानें आपल्या कपाटांतलीं कोणतीं पुस्तकें रद्दींत घालावयाचीं, तें आधीं ठरवावें.

दुसरा उपाय अनर्थकारक कां, याला उत्तर १९२१ सालचें आहे. त्या काळीं नाटकवेड्या महाराष्ट्राचे दोन तट होते. एक गंधर्व नाटक मंडळीच्या बालगंधर्वांचा, दुसरा ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा. एकाच्या गळ्यांतला लडिवाळपणा आणि दुसऱ्याच्या गळ्यांतलें तेज, यांवरून घरोघर वाद होत. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला; केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठीं होतें, म्हणजे प्रसंग उघडउघड राजकीय होता. तथापि तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला राजकारणानें ऐकण्यापासून सूट दिली नाहीं. बालगंधर्वांच्या भक्ताला केशवराव ऐकणें भाग होतें, आणि केशवरावांच्या भक्ताला बालगंधर्व. दोन्ही आवाज एका रात्रींत, एका छपराखालीं कानांवर पडल्यावर त्याला आपलें मत निदान एकदां तपासून पाहावें लागलें असेल. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव वारले, आणि तसा योग पुन्हां येणें कायमचें खुंटलें.

म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तेव्हांही आंधळे भक्त होतेच. बालगंधर्व उतारवयांतही स्त्रीभूमिका करीत राहिले आणि प्रेक्षकही त्यांना त्याच वेषांत पाहूं इच्छीत राहिला. देहाला वय असतें ही साधी गोष्ट भक्तीला दिसत नाहीं. परंतु त्या भक्तीचा उगम निदान कानांत तरी होता. आजच्या भक्तीचा उगम कानांत नाहीं, डोळ्यांत नाहीं. आपण कोणत्या कळपांतले, या चिंतेंत आहे.

येथें रसिक आणि चाहता यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. रसिक आपल्या आवडीचें कारण देतो, आणि तें कारण दुसऱ्याला पडताळून पाहतां येतें. चाहता कारण देत नाहीं. तो ग्वाही देतो. ‘कट्यार काळजांत घुसली’चें उदाहरण घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचें नाटक १९६७ सालचें, संगीत जितेंद्र अभिषेकींचें, आणि खांसाहेब वसंतराव देशपांडे. २०१५ सालीं त्याचा चित्रपट झाला; अभिषेकींच्या कांहीं चाली ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनीं नव्या रचनांची भर घातली. आतां कोणी म्हणेल कीं नव्या रचनांत वाद्यांचा भरणा अधिक असून गायकाला श्वास घ्यायला जागा नाहीं. दुसरा म्हणेल कीं या चित्रपटामुळेंच सहस्रावधि तरुणांच्या कानीं नाट्यसंगीत पडलें. दोन्ही विधानें तपासतां येतात, आणि तीं दोन्ही एकाच वेळीं खरींही असूं शकतात. असा वाद रात्रभर चालला तरी सकाळीं दोघेही थोडे शहाणे होऊन उठतील. मौज अशी कीं ती कथाच मुळीं दोन घराण्यांच्या वैराची आहे; आणि ती पाहून बाहेर पडलेले प्रेक्षक तेंच वैर पुढें चालवितात.

‘सैराट’ची गत याहून वाईट झाली. २०१६ सालीं नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला. त्याच्या संगीतासाठीं अजय-अतुल यांनीं लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला. करमाळ्याकडच्या उसाच्या फडांतलें प्रेम आणि त्यामागें व्हायोलिनांचा तो पूर, हें मीलन साधलें कीं फसलें, हा उत्तम वादविषय होता. पूर्वार्धांतलें गोड स्वप्न आणि शेवटचें तें निःशब्द भीषण दृश्य यांचा सांधा जुळतो कीं नाहीं, हाही होता. पण आमच्या दिवाणखान्यांतून बहुतेक वेळ गेला तो दिग्दर्शकाची जात कोणती आणि बोलणाऱ्याची कोणती, या चौकशींत. जातीसाठीं होणारा खून हाच चित्रपटाचा विषय असल्यामुळें जातीविषयीं बोलणें अगदीं योग्य होतें; जात पाहून चित्रपट बरा-वाईट ठरविणें योग्य नव्हतें. एवढा भेद ज्यांना करतां आला नाहीं ते सर्व पदवीधर होते, हें विशेष.

कोणी म्हणेल, गाण्या-सिनेमांतला हट्ट निरुपद्रवी आहे. तेथें माणसानें खुशाल चाहता व्हावें, मतदान तेवढें विचारानें करावें. हें बोलणें समंजस वाटतें, पण माणसाच्या संवयी अशा कप्प्यांत राहत नाहींत. आपल्या आवडत्या गायकाचा एक सूर ढळला हें कबूल करणें म्हणजे फितुरी, असें जो सात वाजतां शिकतो, तो नऊ वाजतां आपल्या उमेदवाराची चूक कबूल करीत नाहीं.

याचा पुरावा गेल्या कांहीं वर्षांनीं भरपूर दिला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्यें शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस हे कालपर्यंतचे प्रतिस्पर्धी एका सरकारांत बसले. जून २०२२ मध्यें शिवसेना दुभंगली. जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेस. कोणी बरोबर केलें आणि कोणी चूक, हें सांगण्याची ही जागा नव्हे. पण ज्यानें आपला पक्ष कांहीं कारणांसाठीं धरला होता, त्याला प्रत्येक वळणावर म्हणतां येत होतें कीं, “माझें कारण येथें आहे, पुढारी तिकडे गेला.” ज्यानें नुसता पुढारी धरला होता, त्याला सकाळीं ज्यांना शिव्या दिल्या त्यांचीच संध्याकाळीं ओंवाळणी करावी लागली. आणि त्यानें ती केली. तितक्याच आवेशानें केली.

आतां याची किंमत कोण देतो तें पाहा. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजीं अस्तित्वांत आली आणि तिची पहिली निवडणूक मे २०१७ मध्यें झाली. पुढें सिडकोच्या वसाहतींतल्या घरांना पालिकेच्या स्थापनेपासूनचा मालमत्ता कर मागाहून एकदम भरण्याचीं बिलें आलीं. आणि त्याच काळांत आपण सिडकोला सेवाशुल्क भरलें होतें, मग एकाच सेवेचे पैसे दोनदां कां, असा रहिवाशांचा प्रश्न होता. प्रश्न सरळ हिशेबाचा होता. मागाहून कर लावण्याचा पालिकेला अधिकार होता कीं नाहीं, सेवा कोणी पुरविल्या, कोणत्या महिन्यापासून पुरविल्या, आणि आपल्या नगरसेवकानें सभागृहांत तोंड उघडलें कीं नाहीं, एवढेंच विचारावयाचें होतें. परंतु चाहत्याला हें विचारतां येत नाहीं. त्याच्या लेखीं करासंबंधींचा प्रत्येक प्रश्न आपल्या दैवतावरचा हल्ला असतो, नाहीं तर शत्रूच्या दैवताविरुद्ध मिळालेलें शस्त्र असतें. उन्हाळ्यांत नळाला पाणी येईना, कीं दोन्ही पक्षांचे चाहते एकाच टँकरच्या रांगेंत उभे राहतात आणि तेथेंही एकमेकांना टोमणे मारतात. नळ दोघांचाही कोरडाच असतो.

तेव्हां वाद बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. वादाला अट घाला असें म्हणतों. ज्याला आपल्या बाजूचा एक दोष आणि प्रतिपक्षाचा एक गुण नांव घेऊन सांगतां येत नाहीं, त्याला त्या विषयावर बोलण्याचा अधिकार नाहीं, मग विषय मारव्याचा असो, चित्रपटाचा असो वा प्रभागाच्या उमेदवाराचा असो. ही अट कठोर नाहीं. संगीताच्या वर्गांत सहा महिने बसलेलें मूलसुद्धां आपल्या गुरूचा तंबोरा उतरला तर सांगतें. त्यानें गुरूचा अपमान होत नाहीं, तंबोरा पुन्हां जुळविला जातो.

आमच्या घरांतून मुलांना गाण्याच्या वर्गाला आवर्जून पाठविलें जातें. सूर लागला कीं नाहीं हें ऐकून सांगावें, कोण गातो तें पाहून सांगूं नये, हा तेथला पहिला पाठ. मुलें तो पाठ घेऊन घरीं येतात आणि जेवणाच्या वेळीं वडील माणसांचें बोलणें ऐकतात. तेथें त्यांच्या कानांवर काय पडतें, याचा विचार त्या वडील माणसांनींच करावयाचा आहे. कारण येत्या दहा वर्षांत मतदारयादींत नांवें चढणार आहेत तीं या मुलांचींच.