विमानतळावर न संपणारे कर्तव्य

परदेशात युद्ध भडकले की दिल्लीतील यंत्रणा आता बऱ्याच सफाईने हलते. परराष्ट्र मंत्रालयात नियंत्रण कक्ष सुरू होतो, नौदलाची जहाजे वळवली जातात, हवाई दलाची विमाने सज्ज होतात. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर अम्मानहून एअर इंडियाने एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. २०१५ च्या ‘ऑपरेशन राहत’मध्ये येमेनमधून ४,६४० भारतीयांबरोबर ४१ देशांचे ९६० नागरिकही बाहेर काढले गेले. २०२२ मध्ये युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय परतले, तर २०२३ मध्ये सुदानमधून ३,८६२ जण पोर्ट सुदान-जेद्दामार्गे सुखरूप आले. या कामगिरीचे श्रेय त्या त्या वेळच्या सरकारांना आणि त्याहून अधिक दूतावासांतील व सैन्यदलांतील अधिकाऱ्यांना निःसंकोच द्यायला हवे.

या बदलाचे मोल समजण्यासाठी १९४२ चा ब्रह्मदेश आठवावा. जपानी फौजा रंगूनच्या दिशेने सरकू लागल्या तेव्हा लाखो भारतीय आराकान, मणिपूर आणि हुकाँगच्या जंगलवाटांनी पायी निघाले. गोऱ्यांसाठी सोयीची वाट व भारतीयांसाठी खडतर वाट, असा भेदभाव झाल्याने देशभर संताप उसळला. वाटेत उपासमार, कॉलरा आणि हिवतापाने हजारो माणसे गेली. त्यांचा नेमका आकडा आजही कोणाला सांगता येत नाही, कारण ती मोजण्याची गरज कोणत्याही कचेरीला वाटली नव्हती. स्वतंत्र भारताने आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडणे थांबवले, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र या मोहिमांची सांगता विमानतळावरच होते. पुष्पगुच्छ दिले जातात, छायाचित्रे निघतात आणि फाइल बंद होते. युक्रेनहून आलेल्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. त्यांना देशातील महाविद्यालयांत सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही, असे सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांना एक विशेष संधी मिळायला मार्च २०२३ उजाडला. तोवर काही जण युद्ध चालू असतानाच तिकडे परतले होते. सुदानहून आलेल्यांत वनौषधी विकणारे कर्नाटकातील हक्की-पिक्की जमातीचे लोकही होते. अशा फिरत्या विक्रेत्यांच्या मागे राहिलेल्या मालाची, बुडालेल्या भांडवलाची आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाची दखल घेणारे खाते आपल्याकडे नाही.

याहून गंभीर प्रश्न सुटकेच्या आधीचा आहे. २०१४ मध्ये मोसुलमध्ये अपहृत झालेल्या ३९ भारतीय मजुरांच्या मृत्यूची पुष्टी व्हायला मार्च २०१८ उजाडला. दलालांमार्फत गेलेल्या या माणसांची नोंद दूतावासाकडे नव्हती, असे सरकारतर्फेच सांगण्यात आले. आपला उत्प्रवासन कायदा १९८३ चा. तो मुख्यतः कमी शिकलेल्या कामगारांना आणि ठराविक १८ देशांना लागू होतो. विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. ज्यांची यादीच नाही, त्यांना शोधायचे कसे?

नोंदीचे महत्त्व दाखवणारे उदाहरण आपल्याच प्रशासनात आहे. कुवेतच्या युद्धानंतर सुरक्षा परिषदेने १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेल-उत्पन्नातून पैसा उभा राहिला. दावे व्यक्तीने नव्हे, तिच्या सरकारने दाखल करायचे होते. परराष्ट्र मंत्रालयाने त्यासाठी विशेष कक्ष स्थापून लाखाहून अधिक परतलेल्यांचे अर्ज गोळा केले व भरपाई त्यांच्यापर्यंत पोहोचवली. केरळच्या खेड्यांतील सामान्य कामगाराचे नुकसान आंतरराष्ट्रीय दावा ठरले, कारण कोणीतरी त्याचे नाव, नोकरी आणि हानी कागदावर आणली होती. प्रत्येक युद्धानंतर असा आयोग नेमला जाणार नाही, हे खरे. पण भरपाई असो, थकलेले वेतन असो की अर्धवट राहिलेली पदवी, कोणत्याही हक्काची सुरुवात नोंदीनेच होते.

म्हणून तीन गोष्टी कायद्याने व्हाव्यात. नोकरी वा शिक्षणासाठी जाणाऱ्या प्रत्येकाची मोफत नोंदणी; परतताना विमानतळावरच हानीची नोंद; आणि पुनर्वसनाचा खर्च केंद्र व राज्यांत कसा वाटायचा, याचे आधीच ठरलेले सूत्र. नोंदणीचे रूपांतर परवानगीत होईल, ही भीती अनाठायी नाही. आपल्या कचेऱ्यांची तशी सवय आहेच. म्हणून नोंद नसली तरी कोणाचाही प्रवास अडवला जाणार नाही, असे त्याच कायद्यात लिहावे.

स्वेच्छेने गेलेल्यांचा भार करदात्यांनी का वाहावा, असाही प्रश्न विचारला जातो. परदेशस्थ भारतीय दरवर्षी शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडतात. त्यांच्या सुखाच्या दिवसांतील कमाई राष्ट्राची मानायची आणि संकटातील नुकसान मात्र त्यांचे खासगी, हा हिशेब न्यायाचा नाही. पुढचे युद्ध कुठे पेटेल हे कोणालाच ठाऊक नसते. तिथे आपली माणसे किती आहेत, हे मात्र सरकारला ठाऊक असू शकते. ती यादी आजच्या शांततेतच तयार करावी लागेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)