मागची गाडी आणि पुढचा दुभाषी

किर्गिझस्तानच्या डोंगर-कुरणांतून सायकलवर सहली काढणाऱ्या पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रके पाहिली, तर त्यांत कशाचीही वाण नसते. रोज किती किलोमीटर, किती चढ, कोणत्या रात्री तंबू आणि कोणत्या रात्री नमद्याचे गोल घर, कोणते जेवण दरात धरलेले आणि कोणते पदरचे, हे सारे बारकाईने दिलेले असते. दहा-बारा जणांचा गट, दोन आठवडे, मागून सामानाची गाडी, गाडीत एक मेस्त्री व एक स्वयंपाकी. विमानभाडे सोडून माणशी दोन लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून वर. आणि वाटाड्याविषयी? 'इंग्रजी बोलणारा वाटाड्या', एवढे तीन शब्द.

कँटीनमध्ये हा विषय निघाला तेव्हा मित्रांचा सारा राग त्या मागच्या गाडीवर होता. मागे गाडी असली तर ते साहस कसले? दमलात की बसलात गाडीत! दोन लाख देऊन घाम विकत घ्यायचा, तोही अर्धाच. मला या आक्षेपात फारसा दम वाटत नाही. ज्यांना कोणाचीच मदत नको, त्यांच्यासाठी त्याच देशात २०१८ मध्ये सुरू झालेली 'सिल्क रोड माउंटन रेस' आहे. तिथे बाहेरची मदत घेणे नियमातच बसत नाही. १९२३ साली मुंबईहून सायकलवर निघून १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या हकीम, बापासोला आणि भूमगारा यांच्या मागेही गाडी नव्हती, हे खरे. पण त्यांच्या हाती साडेचार वर्षे होती. पंधरा दिवसांची रजा काढून आलेल्या कारकुनाने किंवा प्राध्यापकाने गाडी घेतली तर काय बिघडले? इस्सिक-कुल सरोवराचे पाणी १६०७ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळजवळ बरोबरीला, आणि तो तिथल्या डोंगरांचा पायथा! सोन-कुल सरोवर तर ३०१६ मीटरवर. त्या विरळ हवेत कोणाला धाप लागली तर डॉक्टर काही हाकेच्या अंतरावर नसतो. गाडी हवीच.

माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो चहाचा आहे.

सोन-कुलच्या काठी उन्हाळ्यात मेंढ्या आणि घोडे घेऊन कुटुंबे येऊन राहतात. या उन्हाळी कुरणांना 'जैलो' म्हणतात. आसपास झाड नाही, त्यामुळे चूल पेटते ती वाळलेल्या शेणावर. (आपल्या शेणीच त्या, तिकडे 'तेझेक' म्हणतात.) घरात आलेल्या पाहुण्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवतात आणि त्याच्या हातात चहाची वाटी देतात, तीही अर्धीच भरलेली. दिवसभर चढ चढून आलेल्या सायकलस्वाराला वाटते, काय हा चिक्कूपणा! वास्तविक तो मान असतो. थोडा थोडा ओतला म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो आणि पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरलेली वाटी हातात आली, तर समजावे की आता निघायची वेळ झाली. पाहुणा सहज भाकरी पालथी ठेवतो. तिथे तो अन्नाचा अपमान. हे त्याला कोण सांगणार? मोबाइलवरचे भाषांतर शब्दाला शब्द देईल, पण अर्धी वाटी त्याला कळायची नाही. वाटाड्या मात्र न बोलता हात पुढे करून भाकरी सुलटी करतो.

डोंगरातला माणूस जात्याच आतिथ्यशील, असले ठोकळेबाज विधान मला करायचे नाही. याच देशाच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, मे २०२४ मध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले आणि तिथे वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना दारे लावून आत बसावे लागले. माणसे सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो समोरच्याशी दोन शब्द बोलता येण्याने.

आणि त्या मेंढपाळाजवळ बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सोव्हिएत काळातली सामुदायिक शेते १९९१ नंतर मोडली, तेव्हा देशातल्या मेंढ्यांची संख्या काही वर्षांतच निम्म्याहून खाली आली. २००९ च्या कायद्याने कुरणांचा कारभार गावच्या समित्यांकडे गेला. जनावरे चारायला आता शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. म्हणजे सहलीच्या छायाचित्रात जो 'निसर्गाचे लेकरू' म्हणून उभा असतो, त्याच्या डोक्यात जमाखर्च चालू असतो, अगदी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या चालतो तसाच! दुभाषी नसला की तो नुसता देखावा होऊन बसतो. २००० च्या सुमारास कोचकोर गावी 'हेल्वेटास' या स्विस संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी स्वतः पाहुणे ठेवण्याची व्यवस्था उभी केली, ती याच कारणाने मला महत्त्वाची वाटते. तिथे बिछान्याचे आणि घोड्याचे भाडे थेट कुटुंबाला मिळते. कंपनीने आपलेच तंबू ठोकले आणि शिधाही बिश्केकहून आणला, तर त्या कुटुंबाच्या वाट्याला चाकांची धूळ तेवढी येते.

हा वाटाड्या घरी किर्गिझ बोलतो. कचेरीत आणि शहरात रशियन चालते, ती त्याला येते, आणि इंग्रजी त्याने कष्टाने कमावलेली असते. चिंगीझ ऐत्मातोव्हसारखा मोठा कादंबरीकार त्या देशात दोन्ही भाषांत लिहीत होता, तेव्हा दोन भाषा असणे तिथे नवलाचे नाही. पण कंपनीच्या हिशेबात गाडी मालमत्तेच्या बाजूला बसते आणि दुभाष्याचा पगार खर्चाच्या बाजूला. गाडीचा दरवर्षी घसारा काढतात. दुभाष्याची किंमत दर हंगामाला वाढते, तिची नोंद कुठेच नाही.

आपण बेळगावकरांनी यात नवल करू नये. इथल्या बाजारात गल्ल्यावर बसलेला पोरगा एका गिऱ्हाइकाशी मराठी आणि दुसऱ्याशी कन्नड बोलतो, आणि दोघांनाही परके वाटू देत नाही. हे काम आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. 'दुभाषी' हा शब्द दोन्ही भाषांना चालतो, पण नोकरीच्या अर्जात आपण टायपिंगची गती लिहितो, हे लिहीत नाही. याच अंकाचा मराठी विभाग संपला की पलीकडची कन्नड पाने आपल्यापैकी किती जण उलटतात, हे विचारायचे धाडस मी करीत नाही. असो.

आपल्यापैकी कोणी पुढे नोकरीला लागून, पैसे साठवून त्या कुरणांत सायकल नेणार असेल, तर गिअर किती आहेत हे विचारण्याआधी कंपनीला विचारावे की वाटाड्या कुठल्या गावचा, हंगामाचे त्याला काय देता, रात्री कोणाच्या घरी मुक्काम आहे, आणि एखाद्या दिवशी सत्तरऐवजी चाळीसच किलोमीटर करून दुपार त्या घरी बसून काढता येईल काय. उत्तर द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर खुशाल दुसरी कंपनी पाहावी.