नाताळ कुणाच्या भाषेत?

डिसेंबर उजाडला की आपल्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना नाताळ आठवतो. वांद्र्याच्या बाजारातील रोषणाई, प्लम केकची पाककृती, सांताक्लॉजची टोपी घातलेले एखादे गोंडस मूल आणि शेवटी सर्वधर्मसमभावावरचा एक परिच्छेद, एवढ्या सामग्रीत हा विषय दरवर्षी उरकला जातो. नाताळ हा मुळात साहेबाचा सण असून आपल्याकडील ख्रिस्ती माणसे तो साहेबाच्या वतीने पाळतात, हे गृहीतक या लेखनाच्या तळाशी असते. बाहेरच्यांनी ते बाळगावे यात फारसे नवल नाही. खेद याचा आहे की मराठी ख्रिस्ती कुटुंबेही हळूहळू तेच खरे मानू लागली आहेत आणि 'घरातील परंपरा टिकवतो' असे म्हणत भलत्याच गोष्टी टिकवू लागली आहेत.

तारखांकडे पाहू. ज्या सजवलेल्या झाडावाचून आज नाताळ होत नाही, ते मूळचे जर्मन. इंग्रज घरांत त्याचा खरा प्रसार झाला तो व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र 1848 मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आल्यानंतर. 'सायलेंट नाइट' हे गीत प्रथम गायिले गेले 1818 मध्ये, ऑस्ट्रियातील एका खेड्यात. आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात रायतूर येथे छापले गेले 1616 मध्ये! येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत छापली गेली, तेव्हा ते गीत जन्माला यायला अद्याप दोनशे वर्षे होती. मग या दोहोंत आपल्याला जुने काय आणि नवे काय?

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. गोव्यातील धर्मांतराचा इतिहास जुलमाचा आहे, तेथे इन्क्विझिशन होते, मग त्या काळातील ग्रंथाचा अभिमान कसला? जुलूम खराच. पण त्याने कुणाचा घास घेतला, हेही पाहावे. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने तर ख्रिस्ती घरांतील लग्नाची देशी गाणी आणि रीतिरिवाज यांवरही बंदी घातली. म्हणजे बाटलेल्यांच्या घरात जे देशी उरले होते, त्याच्या मागे राज्य आणि धर्मपीठ दोन्ही हात धुऊन लागले होते. तरीही घरांनी आपली बोली सोडली नाही. गोव्यात चवथीला हिंदू घरी होणारी नेवरी ख्रिस्ती घरी नाताळाला होते, शेजाऱ्यांकडे ताट जाते, दिवाळीला तिकडून फराळ येतो. ही परंपरा पोर्तुगिजांनी दिलेली नाही. त्यांच्या नाकावर टिच्चून ती राहिली आहे.

'परके' या शब्दाचाही एकदा हिशेब व्हावा. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, हे खरे. पण आपल्या एकादशीची साबूदाण्याची खिचडी घ्या. साबूदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय जहाजे त्या खंडास पोहोचण्यापूर्वी आपल्याला ती ठाऊक नव्हती. खिचडीने आपला उपवास मोडत नाही. मग तारखेच्या आणि नावाच्या आधारे एखाद्याचा सणच मोडीत काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

परके काय आणि आपले काय, हे वस्तू कोठून आली यावर ठरत नाही. ती घरात कोणत्या भाषेत वावरते, यावर ठरते. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, लाडू, चिवडा होतो आणि त्याला फराळच म्हणतात. एकोणिसाव्या शतकातच त्या मंडळींनी कीर्तनाचा प्रकार आपलासा केला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग निवडला, 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले; ते अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि पुत्र देवदत्त यांनी तडीस लावले. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या परंपरा चालवावी म्हणजे काय करावे, याचे याहून ठळक उदाहरण मला तरी मराठीत ठाऊक नाही.

आणि आज? वसईच्या पट्ट्यात घरोघरी नाताळगोठे उभे राहतात, कागदी तारे लागतात, फुगे तळले जातात, इंद्याल शिजते. दृश्य देखणे असते. पण गोठ्यापुढे उभ्या असलेल्या नातवाला 'ही गोष्ट सांग रे बाळा' म्हटले, तर तो ती इंग्रजीत सांगतो. आणि सामवेदी बोलणाऱ्या आजीला ती अर्धीच कळते. ज्या बोलीवरचा घाला राजाज्ञेनेही साधला नाही, तो शाळेच्या प्रवेशअर्जाने एका पिढीत साधला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. चर्चमध्ये मराठी आली आणि घरातून जाऊ लागली, हा उलटा न्याय कुणी लक्षात घेतलेला दिसत नाही.

इंग्रजीवाचून पोट भरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मुलाने इंग्रजी शाळेत जावे. पण 24 डिसेंबरची रात्र ही काही नोकरीची मुलाखत नव्हे. त्या एका रात्री घरची गोष्ट घरच्या बोलीत सांगितल्याने कुणाची बढती अडणार आहे?

दुसरा एक सूर याहून अधिक खटकतो. 'आमच्या आया आठ-आठ दिवस फराळ करीत, आताच्या सुना बेकरीतून आणतात' असे हळहळणारे लेख आपल्याकडे हौसेने लिहिले आणि वाचले जातात. ते लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि त्यांनी उभ्या आयुष्यात एक करंजी कातलेली नसते. बायकांच्या पाठदुखीवर उभी असलेली परंपरा पाठ मोडली की संपणारच. ज्याला ती हवी आहे त्याने पोळपाट पुढे ओढावा. चार जणांनी गप्पा मारीत केलेल्या पन्नास करंज्या एकटीने मुकाट्याने केलेल्या पाचशेंपेक्षा टिकाऊ ठरतील, कारण त्या गप्पांतूनच आजोळ, पणजी, जुनी गाणी आणि जुनी भांडणे पुढच्या पिढीकडे जात असतात. करंज्या बेकरीतून आणल्या तरी बिघडत नाही. त्या गप्पा मात्र विकत मिळत नाहीत.

आता आपल्याकडे, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांकडे वळतो. हा सारा दोष ख्रिस्ती कुटुंबांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपण 'ख्रिस्तपुराण' शिकवतो म्हणजे काय करतो? स्टीफन्सने केलेली मराठीची स्तुती, तेवढा एक उतारा, विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो. परदेशी माणसाने आपल्या भाषेला चांगले म्हटले याचे आपल्याला कौतुक. त्याने त्या भाषेत जे सांगितले त्याशी देणेघेणे नाही. दुसऱ्या पुराणातील जन्मकथा किती वर्गांत वाचली जाते? 'स्मृतिचित्रे' शिकवतो तेव्हा टिळकांचा विक्षिप्तपणा आणि लक्ष्मीबाईंचा विनोद यांपाशी थांबतो. ज्या श्रद्धेने त्या बाईचे घर नव्याने उभे राहिले, तिच्याविषयी संकोचाने मौन पाळतो. उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) 2020 च्या साहित्य संमेलनाध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड जाहीर झाली, तेव्हा 'सुबोध बायबल' मराठीत आणणाऱ्या या लेखकाची मराठी पाहण्याआधी काहींनी त्यांचा झगा पाहिला. जी भाषा आपल्या लेकरांना उंबरठ्यावरच ओळखपत्र मागते, त्या भाषेत लेकरांनी घरचे सण साजरे करावेत ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून दोन्ही बाजूंना सांगणे आहे. ख्रिस्ती घरांनी तारा, केक, झाड खुशाल ठेवावे. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मध्ये बसवून जन्माची कथा त्याच्या बोलीत ऐकावी, सामवेदीत, वाडवळीत, नगरी मराठीत, कोकणीत, जी असेल तिच्यात. त्याला गाणी येत असतील तर ती ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. खिशात यंत्र आहेच. आणि आपण शिक्षकांनी येत्या डिसेंबरात एक तास 'ख्रिस्तपुराणा'तील जन्मकथेच्या ओव्या वर्गात मोठ्याने वाचाव्यात, परीक्षेत विचारल्या जाणार नसल्या तरीही. वर्गात एखादी वसईची मुलगी असेल. आपल्या घरच्या सणाचा ग्रंथ मराठी साहित्याच्या इतिहासात आहे, आणि तोही चारशे वर्षांपूर्वीचा, हे तिला निदान मराठीच्या तासाला तरी कळायला हवे.