जुन्या टेलिफोनची घंटा

जुन्या वाड्याची आवराआवर निघाली, कीं माळ्यावरच्या पेटींतून एक वस्तु हमखास बाहेर येते. ती म्हणजे आजोबांच्या वेळचा काळा, जड, तबकडीचा टेलिफोन. तो हातीं आला म्हणजे बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, पुसून दिवाणखान्यांतील कपाटावर मांडावा. दुसरा पक्ष, बहुधा तरुणांचा, म्हणतो कीं आंतलें सामान काढून त्यांत दिवा किंवा मोबाईलचा स्पीकर बसवावा. तारा नसलेला तंबोरा भिंतीला टांगून ठेवावा आणि त्याला संगीताची आवड म्हणावी, तशांतलाच हा प्रकार होय. आमच्या मतें तिसरा मार्गच खरा : तो टेलिफोन पुन्हां वाजता व बोलता करावा. तो कसा करावा आणि कां करावा, ह्या दोन्ही गोष्टींचा विचार आम्ही ह्या महिन्यांत वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिल्या टेलिफोनला घंटा नव्हतीच. १८७६ सालीं ग्रॅहॅम बेल ह्यांनीं तारेंतून मनुष्याचा शब्द नेऊन दाखविला. परंतु पलीकडच्या माणसाला हांक कशी मारावी, हा प्रश्न तसाच राहिला. लोक यंत्राच्या पडद्यावर पेन्सिलीनें टिचक्या मारीत. बेल ह्यांचे सहकारी टॉमस वॉट्सन ह्यांनीं १८७८ सालीं जी घंटा योजिली, तिचेंच तत्त्व पुढें पिढ्यान् पिढ्या चाललें. मुंबईचें एक्स्चेंज १८८२ सालीं उघडलें. बंगळूर येथें इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना १९४८ सालीं निघाला. साठसत्तर वर्षें लोटलीं तरी घंटेची जात बदलली नव्हती. दोन वेटोळीं, एक लोहचुंबक, धातूच्या दोन वाट्या आणि त्यांमध्यें डोलणारा लहानसा टोला, एवढाच तिचा संसार!

ही घंटा घरच्या विजेवर चालत नसे. एक्स्चेंजमधील बॅटरीकडून तारेवर सुमारें पन्नास व्होल्टचा एकाच दिशेचा प्रवाह येई. त्यावर बोलणें चाले. घंटा वाजवावयाची झाली कीं सुमारें पंचाहत्तर व्होल्टचा उलटसुलट प्रवाह सोडीत. त्याचीं सेकंदाला वीसपंचवीस आवर्तनें होत आणि त्या तालावर टोला दोन्ही वाट्यांवर आपटे. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना हें सांगण्यास दूरचा दाखला नको. पाणचक्कीकडे पाहावें. दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून येऊन उंचावरून पडतें, तेव्हां जातें फिरतें. जात्यांत कांहींएक दोष नसला तरी पाण्याचा जोर ओसरला कीं तें थांबतें. जुन्या टेलिफोनचीही गोष्ट तीच. आज पुष्कळ घरांतून तांब्याची तार जाऊन कांचतंतूची तार आली आहे. घंटेचा प्रवाह आतां भिंतीवरची लहानशी पेटी निर्माण करते, आणि ती हलक्या, नव्या यंत्रांसाठीं घडविलेली असते. म्हणून घंटा क्षीण वाजली, तर सारा दोष म्हाताऱ्या यंत्राच्या माथीं मारूं नये.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. औरंगपुऱ्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत शहाऐंशी वर्षांच्या आजी आहेत. दिवसा सुना-मुलगे कामावर, नातवंडें शाळा-कॉलेजांत. उशाशीं ठेवलेल्या मोबाईलचा बारीक सूर आजींना ऐकूं येत नाहीं. ऐकूं आला तरी थरथरतें बोट कांचेवर नीट सरकत नाहीं. मागील पावसाळ्यांत त्यांना दुपारीं घेरी आली. थोरल्या मुलानें कचेरींतून सात वेळां फोन केला. सातही वेळां घरांत कोणी नाहीं असेंच त्याला वाटलें. संध्याकाळीं धाकटी सून परतली, तेव्हां आजी माजघरांत भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. सुदैवानें गोष्ट तेवढ्यावर निभावली. त्याच आठवड्यांत माळ्यावरचा टेलिफोन खालीं आला. वय वाढलें म्हणजे प्रथम चढे, बारीक स्वर ऐकूं येईनासे होतात. जुन्या घंटेचा भरदार नाद अशा कानांना पुष्कळदां अधिक पोंचतो. आणि उचलावयाचें म्हणजे नुसतें उचलावयाचें; त्यांत शिकण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम तार सोडवून मगच झांकण उघडावें, कारण घंटेच्या प्रवाहाचा झटका चांगलाच बसतो. घरांतील २३० व्होल्टच्या विजेवर घंटा ‘वाजवून पाहण्याचा’ मोह तर कोणीही, कदापि करूं नये. बाजारांत जुन्या घाटाचीं नवीं यंत्रेंही पुष्कळ मिळतात. त्यांच्या पोटांत वेटोळीं व वाट्या नसतात, म्हणून विकत घेण्यापूर्वीं आंत पाहावें. धूळ कोरड्या मऊ कुंचल्यानें काढावी. तेलाची धार कोठेंही सोडूं नये. रिसीव्हर ठेवण्याच्या खुंटीखालीं जे पातळ पत्रे एकमेकांना भिडतात, त्यांच्यामधून कोऱ्या कागदाची पट्टी हलकेच ओढावी; वर्षांचा मळ तिला लागून येतो. दोरींतील बारीक तारा आंतल्या आंत तुटलेल्या असतात. बोलतांना खरखर येत असेल, तर दोरी बदलणेंच बरें.

घंटेबरोबर सुमारें दोन मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर जोडलेला असतो. तो उलटसुलट प्रवाहाला वाट देतो व सरळ प्रवाहाला अडवितो. जुना कंडेन्सर झिरपूं लागला, म्हणजे रिसीव्हर खालीं असूनही तो उचललेला आहे असा पेटीचा समज होतो आणि बाहेरच्याला सदैव ‘एंगेज’ ऐकूं येतें. हा भाग अल्प मोलाचा आहे. जाणत्या कारागिराकडून नवा बसवून घ्यावा. मग वाट्यांचे स्क्रू किंचित् सैल करून त्या अशा फिरवाव्या, कीं टोला दोहोंना सारखा लागेल पण चिकटून राहणार नाहीं. बोलण्याच्या डबींत कोळशाचे कण असतात. ते दमटपणानें घट्ट बसले तर आवाज खोल जातो. डबी हलक्या हातानें ठोकली कीं पुष्कळदां ते मोकळे होतात.

तबकडीची अडचण निराळी. ती अंक ठोक्यांनीं मोजून पाठविते : एकास एक ठोका, शून्यास दहा, सेकंदाला सुमारें दहा ह्या गतीनें. कित्येक नव्या पेट्यांना ही भाषा समजत नाहीं. रिसीव्हर उचलून एक अंक फिरवावा. गुणगुण थांबली नाहीं तर पेटी बहिरी आहे असें समजावें. त्यासाठीं ठोक्यांचे सूर करणारें लहान साधन मिळतें. तें नसलें तरी येणारे फोन घेतां येतातच, आणि वृद्धांना बहुधा तेवढेंच हवें असतें. आणखी एक गोष्ट विसरूं नये : घरची वीज गेली तरी पूर्वींचा टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चाले, आतांची पेटी बंद पडते. तिला इन्व्हर्टरची जोड अवश्य द्यावी.

शेवटीं जागेचा प्रश्न. पूर्वीं टेलिफोन बैठकींत असे, आणि सून माहेरीं बोलूं लागली कीं सारी बैठक कान देई. आईला ‘मी बरी आहें’ ह्यापलीकडे कांहीं सांगण्याची सोय तिला नव्हती. जुन्या काळाचें हें अंग पुन्हां आणण्याचें कारण नाहीं. ज्याचा मोबाईल त्याच्यापाशीं असूं द्यावा. टेलिफोन मात्र माजघरांत, वडीलधाऱ्यांच्या हाताशीं, शेजारीं खुर्ची ठेवून मांडावा. आणि घरांतील कोणीतरी रोज दुपारीं ठरल्या वेळीं त्यावर फोन करावा. म्हणजे घंटा ठीक आहे कीं नाहीं हेंही कळेल, आणि ती उचलणारें माणूस ठीक आहे कीं नाहीं, हेंही.