सीबीडीचे थेंब आणि मनाची उदासी : बाटली विकत घेण्याआधी हे वाचा



"डॉक्टर, टेन्शनसाठी ते सीबीडी ऑइल घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न आता मला नियमित विचारला जातो. विचारणारे फक्त कॉलेजातली मुलं नसतात. निवृत्त शिक्षक असतात, रात्रपाळी करणारे आयटीवाले असतात, रजोनिवृत्तीच्या काळात झोप उडालेल्या गृहिणी असतात. मोबाइलवर जाहिरात दिसते : ताण कमी, झोप शांत, मूड प्रसन्न, शिवाय 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि 'नशा नाही'.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. उदासीनता म्हणजे डिप्रेशन, किंवा सततची चिंता म्हणजे अँग्झायटी, यावर उपचार म्हणून मी हे तेल सुचवत नाही. गांजा किंवा भांग तर नाहीच नाही. मात्र 'नको' म्हणून विषय संपवणं मला पटत नाही. कारणं समजली तर निर्णय तुम्हीच नीट घ्याल.

एकच झाड, दोन वेगळे पदार्थ

भांग, गांजा आणि चरस हे सगळे एकाच झाडाचे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड्स असतात, पण आपल्याला दोन माहीत असली तरी पुरे.

पहिला टीएचसी. नशा येते ती याच्यामुळे. १९६४ साली इस्रायलमधले शास्त्रज्ञ राफाएल मेकूलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगळा काढून त्याची रचना सांगितली. दुसरा सीबीडी. त्याने नशा होत नाही. म्हणून जाहिरातीत सीबीडी अगदी भांगेत उगवलेल्या तुळशीसारखा दाखवला जातो.

आपल्या मेंदूत या पदार्थांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मुळातच असते. १९९२ मध्ये मेंदूत सापडलेल्या अशा एका रेणूला शास्त्रज्ञांनी आपल्या 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असं नाव दिलं. जाहिरातवाल्यांना हे नाव फार आवडतं. पण रेणूच्या नावात आनंद आहे म्हणून बाटलीतून आनंद मिळेल, हा तर्क बरोबर नाही.

टीएचसी : आज हलकं, उद्या जड

गांजा ओढल्यावर किंवा भांग प्यायल्यावर काही काळ मन हलकं वाटतं, हे खरं आहे. मात्र मात्रा थोडी वाढली की हाच टीएचसी छातीत धडधड, भीती आणि संशय निर्माण करतो. होळी-शिवरात्रीनंतर 'मी आता मरणार' असं म्हणत दवाखान्यात आणलेले तरुण बहुतेक डॉक्टरांनी पाहिलेले असतात.

रोजच्या सेवनाचा हिशेब जास्त गंभीर आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र, म्हणजे १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. त्याच वर्षी ११ अभ्यासांतल्या २३ हजारांहून जास्त मुलामुलींची माहिती एकत्र करून पाहिली गेली. किशोरवयात गांजा घेणाऱ्यांमध्ये तरुणपणी डिप्रेशनची शक्यता साधारण ३७ टक्क्यांनी जास्त होती, आणि आत्महत्येचे विचारही जास्त होते.

अशा अभ्यासांवरून गांजानेच आजार झाला असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. आधीच अस्वस्थ असलेली मुलं गांजाकडे वळतात, हेही त्यात असतं. तरीही उदास मनावर गांजाचा उतारा शोधणाऱ्याने हे आकडे डोळ्यांआड करू नयेत.

सीबीडीची जमेची बाजू

सीबीडी हा काही नुसता बाजारी गाजावाजा नाही. लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या अपस्मारांसाठी, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोमसाठी, अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. ते खरं औषध आहे. मात्रा ठरलेली, लिव्हरच्या तपासण्या ठरलेल्या.

चिंतेबाबतही काही आशादायक प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमध्ये २०११ साली, लोकांसमोर बोलायची प्रचंड भीती असलेल्या २४ जणांपैकी निम्म्यांना भाषणाआधी ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं. त्यांची घबराट नकली औषध घेतलेल्यांपेक्षा कमी होती. पुढे २०१९ मध्ये ५७ निरोगी पुरुषांवर तसाच प्रयोग झाला. तिथे ३०० मिलिग्रॅमने फायदा दिसला, पण १५० आणि ६०० मिलिग्रॅमने नाही. म्हणजे 'थोडं जास्त घेऊ, जास्त बरं वाटेल' हे गणित इथे चालत नाही.

पण हे सगळे छोटे प्रयोग आहेत, एकाच डोसचे, एका भाषणापुरते. महिनोन्महिने मळभ दाटलेल्या मनावर सीबीडी काय करतं, हे त्यांतून कळत नाही. २०१९ मध्येच 'लॅन्सेट सायकिॲट्री'त ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. डिप्रेशन, चिंता, पीटीएसडी अशा आजारांत उपचार म्हणून ही द्रव्यं सुचवावीत इतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता थेंबांचा हिशेब करू

समजा, ३० मिलिलिटरच्या बाटलीवर '१००० मिलिग्रॅम' लिहिलं आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ३३ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात. म्हणजे एका थेंबात दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. जिभेखाली पाच थेंब घेतले तर पोटात गेलं आठ मिलिग्रॅम.

प्रयोगात फायदा दिसला तो ३०० मिलिग्रॅमला. तेवढं घ्यायचं तर एका वेळी नऊ मिलिलिटर, म्हणजे जवळपास १८० थेंब लागतील. बाटली तीन-सव्वातीन दिवसांत संपेल. महिन्याच्या नऊ बाटल्यांचा खर्च तुम्हीच काढा.

त्यातही एक गोम आहे. आपल्याकडच्या लेबलवर अनेकदा 'विजया अर्क १००० मिलिग्रॅम' असं असतं. विजया म्हणजे भांगेचं आयुर्वेदातलं नाव. हे वजन संपूर्ण अर्काचं. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे वेगळं लिहिलेलं नसेल तर आपण काय घेतोय हेच आपल्याला माहीत नसतं. 'फुल स्पेक्ट्रम' लिहिलं असेल तर त्यात टीएचसी आहे असं धरून चाला.

आणि लेबलवर लिहिलं तरी भरवसा किती? अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली सीबीडीची ८४ उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. फक्त ३१ टक्के उत्पादनांत लेबलवर लिहिल्याइतकं सीबीडी होतं, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

'आयुर्वेदिक आहे, मग धोका कसला?'

आयुर्वेदाने भांगेला कधीच साधा पाला मानलेलं नाही. औषध नियमांच्या ज्या परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, त्यात धोतरा आणि बिब्ब्याच्या पंगतीत भांगही आहे. अशी औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत आलेली चिठ्ठी म्हणजे देखरेख नव्हे.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजा आणि चरस येतात. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत, पण भांगेवर राज्याराज्यांचे वेगळे नियम आहेत. आखाती देशांत किंवा सिंगापूरला नोकरीसाठी, मुलांकडे जाणाऱ्यांनी ही बाटली सामानात अजिबात ठेवू नये. तिथले कायदे फार कडक आहेत. लघवीच्या तपासणीत टीएचसी सापडलं तर 'मी झोपेसाठी घेत होतो' हे कोणी ऐकून घेणार नाही.

सोबतच्या गोळ्यांचं काय?

फिजिशियन म्हणून मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. आपलं लिव्हर ज्या एन्झाइम्सच्या मदतीने अनेक औषधं पचवतं, त्यांपैकी काहींना सीबीडी अडवतं. मग रक्तातली दुसऱ्या औषधांची पातळी बदलते.

- रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन : परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. ॲसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनीही तितकंच सावध राहावं.
- हृदयात स्टेंट असलेल्यांचं क्लोपिडोग्रेल : ते लिव्हरमध्ये गेल्यावरच कामाला लागतं. त्यात अडथळा येण्याची शक्यता आहे.
- फिट्ससाठीचं क्लोबाझाम : गुंगी खूप वाढते.
- व्हॅल्प्रोएट : लिव्हरला सूज येण्याचा धोका वाढतो.
- किडनी प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस : पातळी धोकादायक वाढू शकते.
- डिप्रेशनसाठीचं एस्सिटालोप्रॅम : याचीही पातळी वाढू शकते.

तूप-तेलाच्या जेवणासोबत सीबीडीचं शोषण चार-पाच पट वाढतं. म्हणजे उपवासाच्या दिवशीचे पाच थेंब आणि पुरणपोळीवर घेतलेले पाच थेंब सारखे नसतात.

'पण मला तर फरक पडला'

पडला असेल. मी त्याला खोटं म्हणणार नाही. चिंता आणि उदासी कमी-जास्त होतच असते. आपण औषध शोधतो ते सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुधा जरा बराच असतो. रात्री मोबाइल बाजूला ठेवून, दिवे मंद करून, थेंब घेऊन शांत पडून राहणं, यातल्या थेंबांशिवायच्या गोष्टीही झोपेला मदत करतात. आणि टीएचसी असेल तर गुंगीही येते. गुंगी आली म्हणजे आजार बरा झाला असं नाही.

खरं नुकसान पैशाचं नसतं, वेळेचं असतं. 'आधी हे करून बघू' म्हणत चार-सहा महिने जातात. त्या काळात माणूस कामावरून उठतो, घरात बोलेनासा होतो, दारू वाढते. काहीजण तर बरं वाटत असलेली डिप्रेशनची गोळी तेलाच्या भरवशावर अचानक बंद करतात, आणि आजार पुन्हा उसळतो. हे मी पाहिलं आहे.

लोक तेलाकडे का वळतात, तेही मला समजतं. तेल गुपचूप मागवता येतं. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात ओळखीचं कोणी भेटेल अशी भीती असते. 'गोळ्यांची सवय लागेल' असं शेजारी सांगतात. म्हणून स्पष्ट सांगतो : डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांची नशा होत नाही. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, पुढे काहींना लैंगिक इच्छा कमी होणं असे त्रास होतात, त्यावर मार्ग काढता येतो. बंद करताना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. अनेक गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. त्यांचा अभ्यास हजारो रुग्णांवर झाला आहे.

मग करायचं काय?

दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. काही वेळा उदासीचं मूळ इथेच सापडतं. रोज घेत असलेली औषधं आणि दारू, दोन्ही खरी खरी सांगा. सौम्य त्रासात समुपदेशन, रोजचं भरभर चालणं आणि झोपेची ठरलेली वेळ यांचा चांगला उपयोग होतो. त्रास जास्त असेल तर गोळ्या लागतात. त्यात कमीपणा नाही, जसा रक्तदाबाच्या गोळीत नाही.

तुम्ही आधीच तेल घेत असाल तर घाबरू नका, पण लपवू नका. बाटली घेऊन या. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. तेल घेऊन गाडी चालवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, पंचविशीच्या आतली मुलं, लिव्हरचे रुग्ण, आणि स्वतःला किंवा घरात कोणाला स्किझोफ्रेनिया अथवा बायपोलर आजार असलेले, यांनी या वाटेला जाऊच नये.

जगणं नकोसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.

उद्या मोठे, चांगले अभ्यास झाले आणि सीबीडीचा मनाच्या आजारात फायदा सिद्ध झाला, तर मी स्वतः ते लिहून देईन, ठरलेल्या मात्रेत आणि तपासण्यांसह. आज तसा पुरावा नाही. तुमचा त्रास मात्र आज आहे, आणि त्यावर आज उपलब्ध असलेले उपचार चांगले आहेत. ते आधी घ्या.