काशाओचा थांबा

मराठी शिकवणाऱ्या मास्तराने उठून अर्जेंटिनाला जावे, हे आमच्या सोसायटीत कुणालाच पटले नाही. शेजारच्या काकूंनी तर "तिकडे मराठीचे वर्ग निघाले की काय?" असे विचारूनही घेतले. निमंत्रण होते भाषांतरावरच्या चर्चासत्राचे. तिथे काय झाले ते सांगत नाही. सगळ्या चर्चासत्रांत होते तेच झाले. पण त्याआधीचे चार दिवस मोकळे होते आणि ब्यूनोस आयर्सची रस्तान्‌रस्ता पायपीट मी त्यात करून घेतली.

दिवाळी नुकतीच आटोपलेली. इकडे स्वेटर बाहेर निघायची वेळ, तर तिकडे नोव्हेंबरात भर वसंत! रस्तोरस्ती जॅकरंडाची झाडे जांभळ्या फुलांनी डवरलेली आणि पदपथावर त्याच फुलांचा सडा. त्यातून दुपारचा सूर्य तिकडे उत्तरेला असतो. भूगोलात हे शिकलो होतो, पण पायांना ते कुणी शिकवले नव्हते. सावली पाहून मी नदीकडे म्हणून निघालो आणि तासाभराने पाहतो तो नदीला पाठ करून चाललेलो. (नदी पुढे सापडली. तिला नदी म्हणायचे ते केवळ नकाशावरच्या नावामुळे. पलीकडचा काठ दिसतच नाही.)

खरी फजिती झाली ती बसमध्ये. तिथे उतारूने चढताच चालकाला कुठे उतरायचे ते सांगावे लागते. तो त्याप्रमाणे भाडे लावतो आणि मग आपण यंत्राला कार्ड टेकवायचे. मला कायाओ नावाच्या हमरस्त्याला जायचे होते. निघण्यापूर्वी सहा महिने पुस्तकावरून स्पॅनिश गिरवले होते, त्यामुळे मोठ्या ऐटीत म्हणालो, "कायाओ." चालकाने मान वर केली. मी पुन्हा म्हणालो. माझ्यामागे रांग थांबलेली. शेवटी त्यानेच विचारले, "काशाओ?" आणि मी मुंडी हलवली.

प्रकार असा, की पुस्तकात ज्या अक्षरांचा उच्चार 'य' दिला होता, त्यांचा या शहरात 'श' होतो. रस्त्याला ते 'काशे' म्हणतात. पुस्तकातला 'तू'देखील इथे चालत नाही, त्याला वेगळाच शब्द. म्हणजे माझे शुद्ध ते इथे अशुद्ध. पण गाडीत कुणी हसले नाही. चालकाने भाडे लावले आणि बस हलली.

खिडकीशी बसलो आणि मला एक मुलगा आठवला. दहाबारा वर्षांपूर्वीचा, खानदेशातून आलेला, तिसऱ्या बाकावर बसणारा. पहिल्याच आठवड्यात त्याने वर्गात कविता वाचली आणि 'पाणी'चे 'पानी' केले. मी त्याला थांबवले. 'ण' तीनदा म्हणायला लावला. वर्ग हसला, खरे सांगायचे तर मीही हसलो. पुढे वर्षभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही. उत्तरपत्रिका मात्र उत्तम लिहिली होती, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

पोटाची व्यवस्था सोपी नव्हती. गोमांसाचा देश तो! एका लहानशा दुकानात काचेमागे चक्क करंज्या दिसल्या. तिखटामिठाच्या, भट्टीत भाजलेल्या, नाव एम्पनादा. आत मक्याचे सारण किंवा चीज-कांदाही मिळतो. गंमत अशी, की प्रत्येक सारणाची मुरड निराळी, म्हणजे न फोडता आत काय ते कळावे. कातण न फिरवता हाताने मुरड घालणारी माझी आई आज असती, तर तिने त्या दुकानदारणीशी खुणांनीच तासभर गप्पा मारल्या असत्या. रात्रीचे जेवण तिथे दहाला सुरू होते. त्या वेळी पुण्यात सकाळचे साडेसहा! माझे पोट पुण्याच्याच घड्याळावर चालले होते.

गुरुवारी दुपारी मी सरकारवाड्यासमोरच्या चौकात गेलो. पुस्तकात 'मायो', त्यांच्या तोंडी 'प्लासा दे माशो'. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे उचलून नेली गेली, ती परत आलीच नाहीत. त्यांच्या आया १९७७ मध्ये या चौकात जमल्या. घोळका करून उभे राहू नका, चालत्या व्हा, असा पोलिसांनी दम दिला, तेव्हा त्या खरोखरच चालू लागल्या, चौकातल्या स्तंभाभोवती गोल गोल. दर गुरुवारी साडेतीनला ती फेरी अजून निघते. डोक्याला पांढरा रुमाल. पहिले रुमाल म्हणजे बाळोत्यांचे कापड होते.

आता त्या आयांपैकी थोड्याच उरल्या आहेत. बाकी नातलग आणि माझ्यासारखे आलेगेले. मी कडेने चालू लागलो. शेजारच्या वृद्ध बाईंच्या गळ्यात एका तरुणाचे छायाचित्र, खाली नाव. मी ते पुटपुटत वाचले, अर्थातच पुस्तकी उच्चाराने. बाई थांबल्या. त्यांनी ते नाव हळू म्हणून दाखवले. मी म्हणालो; चुकले. त्यांनी पुन्हा म्हटले. मागची माणसे आम्हांला वळसा घालून पुढे जात होती. तिसऱ्या वेळी नीट आले, तेव्हा त्यांनी मान हलवली, माझा दंड धरला आणि आम्ही चालू लागलो.